गुरुजींचा जुडगा

एखादी गाडी तुम्ही बरोबर असताना कधीच बंद पडत नाही आणि दुसऱ्याच्या हाती एकटी गेली की वाटेत हमखास थांबते. तुम्ही दोष कुणाला द्याल, गाडीला की माणसाला? घाईने उत्तर देऊ नका. आमच्याकडे ते घाईनेच दिलं गेलं होतं.

दुष्काळाच्या त्या साली मी जामखेड तालुक्यातल्या एका सुकडी केंद्रावर काम करत होते. पाझर तलावाच्या कामावर माती उपसणाऱ्या बायकामाणसांना आणि त्यांच्या पोरांना दुपारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा पौष्टिक चुरा, वाटायची, एवढंच काम. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात पुस्तकं थोडी आणि चळवळींची पत्रकं ढीगभर. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी अन्याय शोधायची. इथे तो शोधावा लागला नाही. ज्याच्यावर होत होता तो माणूस रोज माझ्या शेजारी बसून जीप चालवत होता.

जीप नगरच्या लष्करी लिलावातली, जुनी. तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारं बटण, पायाने दाबायचा. किल्लीचं काम वेगळं होतं. किल्ली फिरवली की इंजिनाला करंट मिळायचा. करंट नसेल तर पायाने कितीही दाबा, इंजिन नुसतं गरगर फिरायचं, पेटायचं नाही. ड्रायव्हरदादांनी हे मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

केंद्र चालवायचे ते एक निवृत्त गुरुजी. माणूस कडक आणि स्वच्छ. सुकडीचा एक दाणा इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत. गोदाम, ऑफिस, कपाट, तलावावरची पत्र्याची शेड, झालंच तर स्वतःचं घर, सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एका पितळी कडीत ओवलेल्या. असा जडशीळ जुडगा दुसऱ्या कुणाकडे मी पाहिला नाही. जीपची किल्लीही त्यातच. मी आणि ड्रायव्हरदादा दोघेच निघालो की गुरुजी सबंध जुडगा आमच्या हवाली करायचे, कारण तलावावरची शेड उघडावी लागे, आणि ‘सुटी किल्ली हरवते’ हे त्यांचं ठाम मत. स्वतः बरोबर आले की जुडगा त्यांच्या कमरेला असायचा. जीपची किल्ली तेवढी काढून ड्रायव्हरदादांना द्यायचे.

आम्ही दोघेच असलो की जीप वाटेत थांबायची. कधी ओढ्यात, कधी माळावरच्या खडकाळ चढाला. इंजिन एकदम गप्प. दादा उतरायचे, बॉनेट उघडायचे, कॉइलची वायर दाबून बघायचे, प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डेल्कोचं झाकण काढून फडक्याने पुसायचे, प्लग खोलायचे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडायचे. पेट्रोल येतंय का बघायला नळी तोंडात धरून फुंकायचे. मग परत बसून किल्ली फिरवायची, सेल्फ दाबायचा. इंजिन फिरे, पेटत नसे. असं चालता चालता कधीतरी अचानक पेटे, आणि शेवटी जे पुसलं असेल त्याला आम्ही दोष द्यायचो. एक दिवस प्लग, एक दिवस डेल्को. केंद्राच्या अंगणात आणून तपासली की शहाण्यासारखी चालायची.

तोवर तलावावर पोरं वाडगी घेऊन उन्हात बसलेली असायची. वाट बघणाऱ्यांच्या तोंडी मग गोष्ट तयार झाली. गाडी थांबते कशाला? वाटेत पोतं फोडून सुकडी विकायला. मी रोज गाडीत होते, पण माझी साक्ष कोण धरणार? दादा बौद्ध वस्तीतले होते. हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण म्हणून ते कुणाच्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

एक दिवस गुरुजी बरोबर आले. गाडी कुठेच थांबली नाही. तलावावर उतरल्यावर, सगळ्या मजुरांदेखत ते दादांना म्हणाले, “माझ्याबरोबर गाडी एकदाही थांबत नाही. तुझ्याबरोबर बरी थांबते? बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो. मग दुसरा ड्रायव्हर.”

मी मध्ये पडले. “गुरुजी, मी असते गाडीत. ती आपोआप बंद पडते.”

“तुला गाडीतलं काय कळतं, पोरी? बंद करणारा तुला न कळता बंद करतो.”

दादा पोती उतरवायला लागले. परतताना एवढंच म्हणाले, “ताई, ड्रायव्हरकी गेली तर मी माती उपसीन. पर चोर म्हनून गेलो, तर गावात पाय कुठं ठिवू?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच. ओढ्याच्या अलीकडे जीप बंद पडली. तलावावर चाललेल्या पाचसहा बायका मागून येत होत्या. दादांनी त्यांना धक्का मारायला बोलावलं.

“आज काय इकलं रं?” एकीने विचारलं.

“तुझा नवरा इकला,” दुसरी म्हणाली. “कुनी घेतला न्हाई म्हनून गाडी थांबली.”

हसत, पदर खोचत त्यांनी धक्का मारला. जीप खडखडत पुढे गेली, पेटली नाही. बायका दम खायला थांबल्या. त्यांच्यातली एक म्हातारी, दोन्ही कानांच्या पाळ्या मानेपर्यंत लोंबलेल्या, जीपच्या बाजूला टेकून आत डोकावली. किल्लीला लोंबणारा जुडगा तिला दिसला.

“आगं बया! गाडीच्या कानात केवढा डाग घातलाय ह्यो!” ती म्हणाली. डाग म्हणजे दागिना. “माज्या सासूनं हौसंनं असंच जड झुबं घातलं हुतं मला. बघ, कान कसा लोंबला. भोक मोटं झाल्यावर डाग काय जागेवर ऱ्हातोय व्हय?”

बायका खिदळल्या. दादाही हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी जुडग्याखाली हात घालून तो हलकेच वर उचलला. डॅशबोर्डवरचा करंटचा काटा हलला. तसाच धरून त्यांनी पायाने सेल्फ दाबला. इंजिन पेटलं. त्यांनी हात काढला. जुडगा खाली लोंबला आणि इंजिन बंद. पुन्हा उचलला, पुन्हा पेटलं.

ओझ्याने कुलपाचं भोक आतून झिजलं होतं. खडकाळ रस्त्यावर जुडगा झोके घ्यायचा, किल्ली जागेवरून किंचित खाली ओढली जायची आणि करंट तुटायचा. डोळ्यांना मात्र किल्ली चालूवरच दिसायची. आम्ही इतके दिवस बॉनेटच्या आत शोधत होतो.

“आत्ताच सोडवू ही किल्ली,” मी म्हणाले.

“न्हाई ताई. जुडग्याला मी हात लावनार न्हाई. उद्या म्हनतील, किल्ल्या काढून घेतल्या.”

मग तलावापर्यंत मीच जुडगा तळहातावर झेलून धरला. गाडी थांबली नाही.

संध्याकाळी गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते चिडले. “जुडगा आजचा आहे का? आणि माझ्याबरोबर कशी थांबत नाही ती?”

“तुम्ही असलात की जुडगा गाडीला नसतो, गुरुजी. तुमच्या कमरेला असतो.”

त्यांनी जुडगा तळहातावर तोलून पाहिला. मग म्हणाले, “उद्या मी येतो. जुडगा गाडीलाच राहू दे.”

सकाळी तिघे निघालो. माळावर गाडी नीट गेली. गुरुजी दादांच्या हातापायांवरून नजर हलवत नव्हते. ओढ्यात चाक खड्ड्यात आदळलं आणि इंजिन गप्प झालं. दादांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी ते तसेच ठेवले. गुरुजी वाकले, जुडगा स्वतः वर उचलला आणि म्हणाले, “दाब.” इंजिन पेटलं. मग त्यांनी सोडला. बंद. कडी उघडून जीपची किल्ली त्यांनी वेगळी केली आणि बाकीचा जुडगा मांडीवर घेतला.

तिथे पोचल्यावर दादा खाली उतरले नाहीत.

“गुरुजी, बाजारापतुरच हाय ना मी?”

“ते आता संपलं की. तू राहा कामावर. चल, पोती उतरव.”

“ऱ्हातो. पर गाडीत बसून सांगितलंत ते ह्या लोकांस्नी ऐकू गेलं न्हाई. हितं बोलला हुता तुमी, समद्यांम्होरं. हितंच माघारी घ्या.”

माझ्याकडे या प्रसंगासाठी एक सबंध भाषण तयार होतं. त्याची गरजच उरली नाही.

गुरुजी उतरले. टोपी नीट केली. वर्गात उभे राहत असतील तसे ताठ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “गाडी थांबत होती ती माझ्या जुडग्यामुळं. ह्या माणसाकडं काही खोट नाही. मी बोललो ते चुकीचं होतं.”

गर्दीतून म्हातारीचा आवाज आला, “म्हंजी गाडीचाच कान लोंबला हुता म्हना की!” हशा पिकला. दादा उतरले आणि त्यांनी पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. त्या दुपारी वाटप संपेपर्यंत कुणी त्यांना टोमणा मारला नाही. पुढे नगरहून जुन्या सामानातलं एक किल्लीचं कुलूप आणून बसवलं, आणि जीपला सुटी किल्ली मिळाली.

तुम्हीही कधीतरी कुणाबद्दल चारचौघांत असं बोलून गेला असाल आणि नंतर ते खोटं निघालं असेल. त्या माणसाला एकट्याला घरी बोलावून चहा पाजू नका. त्याने चुकीची भरपाई होत नाही. ज्या पारावर, ज्या ऑफिसात, ज्या मांडवात बोललात, तिथे जा आणि त्याच लोकांसमोर आपले शब्द मोठ्याने मागे घ्या. जमलं तर याच आठवड्यात.