उघडा हात

मावशींनी मुलाखतीत पगार विचारला नाही की रजा विचारल्या नाहीत. "गायी खऱ्या आहेत ना?" एवढंच विचारलं. आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग कधीपासून येऊ?"

आमची कंपनी जनावरांची औषधं बनवते. इमारतीच्या मागच्या अंगाला पांढऱ्या फरशीचा, रोज धुतला जाणारा एक गोठा आहे. मी तिथे नव्या औषधांच्या चाचण्या बघते, आणि मावशी जनावरांचं खाणंपिणं, शेण, झाडलोट बघतात.

मावशी दूधवाल्याची लेक. लहानपणी थंडीत शाळेला जायच्या आधी त्या गायीच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीत दोन्ही हात खुपसून बसत. "चुलीपेक्षा ऊब," असं सांगताना अजूनही त्यांची बोटं आपोआप मिटतात. मग लग्न झालं, आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या वाट्याला आल्या. नवरा बसचालक. "आमच्या खिडकीतून दिसणारं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे कबुतर," असं त्या म्हणायच्या.

आणि इतक्या वर्षांनी गायी भेटल्या, तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात कोपरापर्यंतचे निळे हातमोजे ठेवले गेले.

"हे कशाला? मला काही घाण वाटत नाही."

"घाणीसाठी नाहीत, मावशी," आमच्या पशुवैद्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध नवीन आहे. ते तुमच्या कातडीतून आत जाऊ शकतं. आणि तुमच्या हाताचा घाम, साबण, तेल तिच्या कातडीला लागलं, तर लाली औषधानं आली की तुमच्या लाडानं, हे आम्हाला कसं कळणार?"

ते औषध गोचिडांवरचं होतं. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर ओतायचं. गोचीड मरतात हे आधीच्या चाचण्यांत दिसलं होतं. आता ते कातडीला बाधतं का, हे बघायचं होतं. प्रत्येक गायीच्या पाठीवर केस भादरून दोन चौकोन केले होते. एका चौकोनावर औषध, दुसऱ्यावर औषधाविना नुसतं तेल. कुठल्या बाटलीत काय, हे बघणाऱ्याला, म्हणजे मला, माहीत नसायचं. मी रोज सकाळी लाली आहे का, सूज आहे का, खपली धरतेय का ते बघायची आणि चिमटीत कातडी धरून तिची जाडी मोजायची.

त्यातल्या एका तपकिरी गायीचं नाव मावशींनी ठमी ठेवलं होतं. नाव ठेवायला मनाई होती असं नाही, पण बाकी सगळे कानातल्या बिल्ल्याचा नंबर म्हणायचे. ठमीला एका जागी उभं राहून जगाकडे पाठ फिरवायची सवय होती. मावशी बादली घेऊन आल्या की तेवढी वळायची आणि मान पुढे करायची. मावशी निळ्या हातानं तिचा गळा खाजवायच्या.

"आता तरी झालं ना समाधान?" मी एकदा विचारलं.

"काय झालं? अगं, मोजे घालून कधी कणीक मळली आहेस का? मऊ आहे एवढं कळतं. कशी आहे ते कळत नाही." मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "तुला काय सांगायचं! तू भातसुद्धा चमच्यानं खातेस. हात झिजतात का गं तुझे?"

मध्येच एका सकाळी ठमीच्या चौकोनाच्या कडेला लाली दिसली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना विचारलं, "कुणी उघडा हात लावलाय?" नजरा अर्थातच मावशींकडे गेल्या. मावशी लालबुंद झाल्या. "लावायचाच असता तर पहिल्या दिवशीच लावला असता. एवढी कळ सोसते आहे ती काय लाली उठवायला?" दुपारी ठमी स्वतःच पकडली गेली. नवे केस फुटायला लागले होते, पाठ खाजत होती आणि ठमीबाई कठड्याच्या आडव्या पाइपाखाली ती घासत होत्या. पाइपाला रबर गुंडाळलं, लाली ओसरली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई मावशींना म्हणाल्या, "चाचणी संपू दे. पाठीवर औषधाचा अंश उरलेला नाही असं लॅबनं कळवलं की मोजे काढा. मग गाडी येईपर्यंत ठमी तुमची." चाचणीनंतर या गायी पशुवैद्यक कॉलेजच्या गोठ्यात जाणार होत्या.

तेव्हापासून मावशी रोज विचारायच्या, "आला का गं निरोप?"

निरोप आला तो गाडीच्याच सकाळी. कुठल्याच गायीच्या पाठीवर औषध उरलं नव्हतं. मावशींनी मोजे काढून खिशात कोंबले. नुसत्या पाण्यानं हात धुतले, पुसले, फुंकर घालून कोरडे केले. कठड्याचं दार उघडून आत गेल्या आणि गळ्याखाली हात नेला.

ठमीनं फुरकन् श्वास सोडला आणि मान झटकून मागे सरली.

"अगं, मी आहे! मीच!"

ठमीनं तो हात लांबूनच हुंगला. मावशींचा हात तिला कधी भेटलाच नव्हता. तिला माहीत होता तो रबराचा वास. ती वळली आणि जगाकडे करायची तशी मावशींकडे पाठ करून उभी राहिली.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, मावशी आता रडतील. पण त्यांनी खिशातून एक मोजा काढला आणि डाव्या हातात चढवला. तो हात पुढे करताच ठमी वळली, दोन पावलं पुढे आली, गळा त्यात टेकवला. मावशी निळ्या हातानं खाजवत राहिल्या. उजवा, उघडा हात त्यांनी तिच्या नाकाखाली नुसता धरून ठेवला, न हलवता. ठमीनं तो पुन्हा हुंगला. या वेळी मागे सरली नाही. तिच्या नाकाची ओल तळव्याला लागली, तेवढ्यात गाडीवाला दोर घेऊन आत आला.

मावशींनी निळ्या हातानंच तिला फळीवरून गाडीत चढवलं.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर आम्ही डबे उघडले. मावशी उजवी मूठ मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, "हात धुऊन या, जेवू या."

त्या उठल्या नाहीत. डावा हात पुढे करून म्हणाल्या, "तुझ्याकडे दुसरा चमचा आहे का गं?"