साइट म्हणजे कोणती साइट

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही. तात्यापारा मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या आईले नाही — जिले मी दूध उतू गेलं तरी फोन करून सांगते, तिलेही नाही. तुम्हाले काहून सांगून राहिली, तेही नीट सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू? मशीनपासूनच करते. मशीनबद्दल बोलाले मले सोपं जाते — तेवढंच सोपं जाते, हाच तर घोळ आहे.

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या कारखान्यात मी कम्प्युटर पाहत होती. पाहत म्हणजे — बंद पडला की चालू करायचा, प्रिंटर रुसला की मनवायचा, साहेब पासवर्ड विसरले की नवा करून द्यायचा. नवीनच लागली होती. "पोट्टीले हे जमन का?" असं माझ्यामागे बोलणारे होते, आणि मी ऐकू न आल्यासारखं करत होती.

फाटकाजवळ धर्मकाटा होता, ट्रक तोलायचा. त्या खोलीतल्या कम्प्युटरवर बिसाहू भैया बसत. शेजारच्या बीरगावचे, छत्तीसगढी माणूस, माझ्या बापाच्या वयाचे, तरी मले दीदी म्हणत. गळ्यात तुळशीची कंठी. खोलीत शिरताना चप्पल बाहेर — कम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालू नये असं त्यांले कधीकाळी कोणीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. ट्रक आला, वजन आलं, बटन दाबलं, चिठ्ठी निघाली. त्यापलीकडे त्यांले कम्प्युटरातलं काही येत नव्हतं, आणि येते असं त्यांनी कधी दाखवलंही नाही.

मग ते मशीन पडाले लागलं. निळा पडदा यायचा, त्यावर इंग्रजीत काहीबाही, आणि बंद. बाहेर ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न, वरून साहेबाचा फोन. मी धावत जायची, चालू करून द्यायची, "हो जाएगा भैया" म्हणायची. थोड्या वेळानं परत तेच.

आता खरं ऐका. जुना अँटीव्हायरस न काढता त्याच्यावर दुसरा, फुकटातला, मीच टाकला होता. एका दारावर दोन पहारेकरी — एकमेकांलेच चोर समजून भिडत होते. वर ड्रायव्हर जुना. ट्रकचा नाही हो — काट्यावरून येणारी वायर मशीनले समजावून सांगणारा जो छोटा प्रोग्राम असते, तो. विंडोज नवं झालं, हा तसाच राहिला. बदला म्हणून सूचना यायची, मी "नंतर" दाबायची. काहून? आळस. दुसरं काही नाही. कोर्समध्ये सगळ्यात आधी शिकवतात हे.

एका सकाळी मशीन सेफ मोडमध्ये उघडून बसली, तेव्हा माझंच केलेलं माझ्यासमोर आलं. एक अँटीव्हायरस काढला. नवा ड्रायव्हर टाकला. बंद-चालू करून पाहिलं, एकामागून एक ट्रक तोलले — मशीन मस्त चाललं. बिसाहू भैया एवढे खूष झाले, की डब्यातली बेसनाची तळलेली ठेठरी काढून माझ्या हातावर ठेवली. आणि व्हायरस? एकही नव्हता. हे मले माहीत होतं. फक्त मले.

तशीच साहेबाच्या केबिनमध्ये गेली. खरं काय ते सांगाले गेली होती का? की "ठीक झालं सर" एवढंच सांगाले? आज आठवत नाही. आठवलं तरी माझ्या सोयीचंच आठवन, म्हणून सोडून देते.

साहेबानं पाठोपाठ भैयालेही बोलावून घेतलं. साहेब हेड ऑफिसातून आलेले, त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं — मशीन बिघडलं म्हणजे व्हायरस, आणि व्हायरस आला म्हणजे कोणीतरी इंटरनेटवर तसलं काही पाहते. पण समोर मी उभी, बाईमाणूस. म्हणून त्यांनी शब्द झाकून विचारलं, "ड्यूटी में उस साइट पे जाते हो क्या?"

साइट. आता आमच्या उरल्यात साइट म्हणजे काय? जिथं बांधकाम चालू आहे ती जागा. कारखान्याच्या मागे नवं शेड बांधून राहिले होते, भैयाचा धाकटा भाऊ तिथं मिस्त्री होता, जेवणाच्या सुट्टीत दोघं भाऊ तिथंच डबा खात. भैयानं मान खाली घालून सांगितलं, "हव साहब, खाय के छुट्टी म रोज जाथंव." हो साहेब, जेवणाच्या सुट्टीत रोज जातो.

साहेब लाल झाले. मले दोघांचंही समजलं — तिथंच, उभ्या उभ्या समजलं. खरं तर हसाले येण्यासारखी गोष्ट होती. मी तोंड उघडलं असतं तर तिघंही हसलो असतो. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "व्हायरस ही था ना?"

"जी सर," मी म्हटलं.

भैयाले त्याच दिवशी काढलं. "अब नइ जावंव साहब", आता नाही जाणार, म्हणून ते हात जोडत राहिले, आणि साहेबाले तो गुन्हा कबूल केल्यासारखाच वाटला. मी तिथंच होती. तोंडात अजून ठेठरीची चव होती, लाज वाटते सांगाले.

कारखान्यातली गोष्ट बीरगावात पोचाले किती वेळ लागते? गेटवरच्या गार्डकडून पानठेल्यावर, पानठेल्यावरून त्यांच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात. कंठी घालून काय काय पाहत होता पाहा, असं लोक बोलले. भैयाच्या तोंडावर मात्र कोणीच काही बोललं नाही.

मग त्यांची बायको आली, गेटवर. मले बाजूले नेलं. मोठ्या पोरीचं लग्न जुळत आलं होतं, आता पोराकडचे फोन उचलून नाही राहिले, म्हणाली. पदर तोंडाशी धरून विचारलं, "दीदी, तैं तो कम्पूटर ल जानथस. सच्ची बता — वो देखत रिहिस का?" खरं सांग, ते पाहत होते का?

तिले एक शब्द पाहिजे होता. नाही. साहेबासमोर नाही निघाला तोंडातून, हिच्यासमोर काहून नाही निघाला? हिच्या हातात माझी नोकरी थोडीच होती? हिले साहेबाकडे जायचंही नव्हतं. फक्त घरी जाऊन नवऱ्याले नीट जेवू घालायचं होतं.

"मुझे नहीं पता," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. दीदीले माहीत आहे, पण शरमेनं सांगून नाही राहिली — असं समजली ती. मी तिले तसं समजू दिलं. साहेबापुढचं खोटं भीतीचं होतं म्हणा, वाटल्यास. हे कशाचं होतं? मी लई शोधलं. मले सापडलं नाही.

यंदा बीरगावच्या बाजारात भैया दिसले. एका दुकानात सिमेंटच्या गोण्या उचलत होते. त्यांनीच मले आधी ओळखलं, हात पुसत आले. मी न विचारताच त्यांनी सांगितलं — बायको पोरींले घेऊन माहेरी गेली, ते लग्न मोडलं, ती काहून गेली काही कळत नाही, बोलतच नाही. तिनं त्यांले विचारलंच नव्हतं. असली गोष्ट कोणती बायको नवऱ्याले तोंडावर विचारन? मग ते म्हणाले, "गलती मोरेच रिहिस दीदी. ड्यूटी के दिन साइट नइ जाना रिहिस."

म्हणजे त्यांले आजही माहीत नाही. भावासोबत डबा खाल्ला म्हणून नोकरी गेली, असंच ते धरून बसले. मी समोर होती, बाजारात आमचं ऐकणारं कोणी नव्हतं, तो कारखानाही मी कधीच सोडलेला. तरी मी बोलली नाही.

त्यांनी विचारलं, आता मशीन बंद तर नाही पडत ना?

नाही भैया, म्हटलं, चांगलं चालत होतं. ऐकून त्यांले बरं वाटलं, तोंडावर दिसलं. मी स्कूटीले किल्ली लावली आणि घराकडे निघाली.