ब्रेकला लावलेलं करडीचं तेल

चालत्या रोलरमधून भज्यांचा वास येतो, हे मी आयुष्यात एकदाच अनुभवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वारंगा फाट्यावर माझं गॅरेज होतं. टिपर, रोलर, जे येईल ते दुरुस्त करायचो. दसरा नुकताच झाला होता, आणि एक ठेकेदार तणतणत मोटारसायकलवर आला. शिरड शहापूरकडच्या रस्त्याच्या कामावर त्याचा रोलर उतारावर थांबलाच नाही, जाऊन खडीच्या ढिगात घुसला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. "ड्रायव्हरचा डोळा लागला असंल," ठेकेदार म्हणाला. "चूक त्याची निघाली तर आजच घरी पाठवतो."

मी त्याच्यासोबत कामावर पोचलो तेव्हा ड्रायव्हर खडीवर बसला होता. जवळच्याच तांड्यावरचा, तिशीच्या आतला. त्याच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलं, बाप शेतात राबला आणि मशीन चालवणारा तांड्यातला हा पहिलाच. ही सीट गेली असती तर त्याला दुसरी कुणी दिली नसती. "उस्ताद, आईची आण, ब्रेक दाबूनच व्हतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्या जुन्या रोलरचा ब्रेक साधा. पाय दाबला की आतून लायनिंग, म्हणजे घासून धरणारा थर, लावलेला पट्टा लोखंडी ड्रमला बाहेरून आवळतो आणि मशीन थांबतं. लायनिंग चांगलं जाड होतं. मी पट्टा आवळून दिला आणि सपाटीवर चालवून बघितलं. पाय दाबला तरी मशीन आपलं सरकतच राहिलं, आणि तेव्हा तो वास आला. गिअरचं तेल जळलं की डोकं उठतं. हा वास तर भूक लागावी असा! मी नाक ड्रमजवळ नेऊन येड्यासारखा हुंगत बसलो.

"दसऱ्याला पूजा केली का रे?"

त्याचा चेहरा खुलला. "व्हय तर! धुतला, पुसला, घरच्या करडीचं तेल चोळलं. एक जागा सोडली न्हाई. बैलाच्या शिंगाला लावतो ना आमी, मग ह्यानं काय पाप केलं?"

मी कपाळावर हात मारला. "तरीच भज्यांचा वास येऊन राहिला!" आमच्याकडं दसऱ्याला पाना असो की विळा, तेलाचं बोट लागतंच. ह्यानं बोटाऐवजी वाटी ओतली होती, आणि लायनिंगनं ती पिऊन घेतली होती, म्हणून पट्टा ड्रमवरून घसरत होता.

"म्हंजी चूक ह्याचीच," ठेकेदार म्हणाला. "उतर खाली."

मला राग आवरत नाही, स्वभावच तसा. "काढा ना! मशीनला तेल-ग्रीस लावा म्हणून मी जगापुढं डोकं फोडून राहिलो, कुणी ऐकत न्हाई. ह्याला फक्त कुठं लावायचं न्हाई तेवढंच सांगायचं राहिलं. काहून न्हाई सांगितलं कुणी? दसऱ्याला मशीनपुढं नारळ तर तुमीच फोडला ना?"

ठेकेदारानं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "बसवा नवं लायनिंग."

ड्रम पेट्रोलनं पुसला आणि ड्रायव्हरकडूनच पॉलिश पेपरनं घासून घेतला. नवं लायनिंग रिबिटांनी ठोकलं. "आता इथं बोटसुद्धा लावायचं न्हाई," म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. त्याही स्थितीत मला हसू आलं.

राहिला उतार. ड्रायव्हर सीटवर बसला. मोठ्या तोंडानं बोलून बसलो होतो, काळजी मलाही होती. एवढ्यात ठेकेदार तंबाखू थुंकून रोलरवर चढला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

"घे खाली."

उताराच्या मध्यावर ठेकेदार म्हणाला, "दाब."

रोलर जागच्या जागी थांबला. मला इतका आनंद झाला की भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. ठेकेदार उतरला आणि ड्रायव्हरकडं न बघताच म्हणाला, "उद्या येळेवर ये."

पुढच्या दसऱ्याला फाट्याजवळच काम होतं. तोच रोलर, तोच ड्रायव्हर गॅरेजसमोर येऊन थांबला. ब्रेकवर झेंडूचं एकच कोरडं फूल होतं. त्यानं करडीच्या तेलाची भरली बाटली माझ्या हातात ठेवली.

"मशीनला टिळ्यापुरतं लावलं, उस्ताद. राहिलेल्यात भजे तळा."