मला पाव्हणा म्हणणारा

मुंबईच्या गिरणीत तीस वर्षं काढून मी भोसरीला, माझ्या गावी गेलो. वेशीजवळच्या विहिरीवर एक जण मोट हाकत होता. बैल उतारावर निघाले की नाड्यावर बसायचा, कानावरची विडी काढून हुंगायचा आणि न पेटवता परत कानावर ठेवायचा.

"कुनाकडं, पाव्हणं?" त्यानं विचारलं.

मला झोंबलं. "पाव्हणा न्हाई, हितलाच हाय मी!"

"मग पानी तरी प्या, राव."

पाटाला ओंजळ लावली. पाणी मचूळ होतं, पण तोंड वाकडं केलं तर पाहुणाच ठरलो असतो. घटाघटा प्यालो आणि म्हणालो, "तीच चव! ल्हानपनी ह्याच हिरीवर वाढलो."

"ही हीर औंदा खनली," तो गालात हसला.

आता मागं हटतो होय? "हीर नवी आसंल. चव तीच हाय."

त्यानं बैल थांबवले. "हितलंच तुमी. पाव्हणा असता तर चुकलो म्हनला असता." आणि कानावरची विडी मला दिली.

त्याचं नाव मात्र मी विचारलं नाही. गावचा माणूस गावच्याला नाव विचारतो का कधी?