पाकटाशेजारचा पतंग

कोंडीराममामा निवृत्त व्हायला आठ दिवस उरले होते, आणि प्राणिशास्त्राचं कपाट नव्यानं लावायचा हुकूम आला.

दादरच्या त्या कॉलेजात ते बत्तीस वर्षं लॅब सांभाळत होते. लालबागच्या चाळीतून चालत यायचे आणि सगळ्यांच्या आधी कुलूप काढायचे. पहिल्या वर्षी कपाट लावायला सांगितलं तेव्हा त्यांनी ते आकारानं लावलं. लांबट ते खाली, गोल ते वर, पंखवाले मधल्या फळीवर. त्यामुळे काचेच्या पेटीतला ताटाएवढा तपकिरी पतंग फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या चपट्या, पंख पसरल्यासारख्या पाकटाशेजारी जाऊन बसला. तेव्हाचे सर पोट धरून हसले. पाकट मासा आहे, ते पंख नव्हेत, पर आहेत, असं त्यांनी समजावलं. फळी मात्र तशीच राहू दिली.

नव्या विभागप्रमुख रुचा मॅडमना ती चालणार नव्हती. तपासणीला समिती येणार होती. कीटक कीटकांत हवेत, मासे माशांत. मामांना ते पटत होतं. तरी पतंगाची पेटी उचलून त्यांनी ती परत तिथेच ठेवली. काय झालं, मॅडमनी विचारलं.

मामा एरवी मॅडमपुढे फार बोलत नसत.

"हा पतंग कोशातून निघाला की खात नाही, मॅडम. उपाशीच आठ-दहा दिवस जगतो. पाकट वर्षानुवर्षं तळाशी शिंपले फोडून खातं, जिवंत पिल्लं घालतं. याच्या पंखाची पूड बोटाला लागते. त्याच्या अंगात हाड म्हणून नाही, नुसती कूर्चा, आपल्या कानासारखी. मी चूक केली म्हणून मला हे कळलं. दरवर्षी नवी पोरं तीच चूक करतात. विचारतात, मामा, हे दोघं भाऊ काय? लांब ठेवले तर कोण विचारणार?"

मॅडमनी बाकीचं कपाट शास्त्राप्रमाणे लावून घेतलं. मधली फळी तशीच राहिली. तिच्यावर लावायची चिठ्ठी त्यांनी मामांनाच लिहायला सांगितली.

मामांनी अर्धा तास घेतला. लिहिलं: हे दोघं भाऊ नाहीत. का?

त्या दिवशी घरी बायकोनं, राधानं, नेमकं पाकटच केलं होतं, भरपूर लसूण घालून, झणझणीत. मामांनी दोनदा वाढून घेतलं.