दोन कागद आणि एक डुक्कर

एल्पिदियो आणि मानांग सेंदा पहिल्यांदा भेटले तेव्हा फिलिपिन्समधल्या गिंबाल गावच्या बाजारातले कोंबडे आरवायचे थांबले, असं एल्पिदियो आजही शपथेवर सांगतो. मासळीवाल्यांनी म्हणे कान झाकले. चर्चवरची कबुतरं उडाली ती थेट समुद्रापार गेली, तीही व्हिसाशिवाय. प्रत्यक्षात घडलं एवढंच, की हा कोरियातल्या नोकरीच्या कराराची झेरॉक्स काढायला गेला आणि मानांगनं विचारलं, "वाचलास?"

"कशाला? माझाच तर आहे."

"बायकोही तुझीच होणार असते, तोतो. तरी लग्नाआधी तोंड बघतोस ना?"

तोतो म्हणजे पोरगा आणि मानांग म्हणजे थोरली बहीण. सेंदा अख्ख्या गावाची थोरली बहीण होती आणि हे पद तिनं कुणाला विचारून घेतलं नव्हतं. बावीस वर्षं तिचं झेरॉक्सचं दुकान. सौदीला निघालेल्या नर्सचा, सिंगापूरला निघालेल्या मोलकरणीचा, जहाजावर चढणाऱ्या खलाशाचा, ज्याचा त्याचा करार तिच्या काचेवर पालथा पडला होता आणि मशीन तापेपर्यंत तिनं तो वाचून काढला होता. कॉपी हातात देण्याआधी ती परीक्षा घ्यायची. मालक कोण? व्हिसावर काम कोणतं लिहिलंय? नोकरी सुटली तर किती दिवसांत देश सोडायचा? उत्तर चुकलं की कागद काउंटरखाली. लोक चडफडत, तिला शिव्या घालत, आणि धाकट्या भावाची वेळ आली की त्यालाही तिच्याकडेच पाठवत.

एल्पिदियो पहिल्याच प्रश्नाला आपटला.

"स्पॉन्सर म्हणजे कोण?"

"देवमाणूस!"

"अरे, रेडा बांधलेला पाहिलायस ना? व्हिसा म्हणजे दावं आणि स्पॉन्सर म्हणजे खुंटी. तुला नोकरी देणारा मालक सरकारला सांगतो, हा माणूस मला हवाय. त्याच्या नावावर तुला आत घेतात, म्हणून चरायचं त्याच्याच अंगणात. शेजारच्या शेतात तोंड घातलंस की चोर. मालक बदलायचाय? आधी परवानगी. आणि खुंटी उपटली तर मोकळा झालो म्हणून नाचू नकोस. हरवलास तू."

"त्यापेक्षा रेडा बरा, मानांग. त्याला परीक्षा तरी नसते."

"म्हणून तर तो कोरियाला जात नाही."

व्हिसाच्या मंजुरीचा कागद आला आणि गावाच्या रीतीप्रमाणे माणूस गेल्यातच जमा झाला. निरोपाची मेजवानी ठरली. एल्पिदियोनं थोरल्या भावासारख्या नोंग बेनितोच्या वर्कशॉपमधली वेल्डिंगची नोकरी सोडली, आई लुर्देसनं आख्खं डुक्कर सांगितलं, कराओके भाड्यानं आला. मंजुरीचा कागद मात्र मानांगच्या काउंटरवर टाकून हा आमंत्रणं करायला पळाला. परीक्षा टळली, म्हणून खूश होता.

रविवारी दुपारी, डुकराची कातडी ऐन लाल कुरकुरीत होत असताना मानांग फाटकातून आत आली. हातात दोन कागद. कराओकेवर मामा गळा काढत होता. तिनं माइक काढून घेतला, तेव्हा काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तोतो, करारावर जहाजं बांधणारी कंपनी आहे. मंजुरीवर दुसरीच, माणसं पुरवणारी. तुझी खुंटी एकीकडे आणि चारा भलतीकडे."

"एजंट म्हणालाय, पोचल्यावर बघू."

"पोचल्यावर तुला पोलीस बघतील."

लुर्देस पुढे झाली. "मानांग, डुक्कर भाजून झालंय हो!"

"मग खाऊ या. डुकराला कुठं व्हिसा लागतो?"

एल्पिदियोनं तिला आंब्याखाली ओढलं. डोळ्यांत पाणी होतं. "उद्या विमान आहे. नोकरी सोडलीय. आता नाही गेलो तर सगळे हसतील."

"हसतील. आठवडाभर हसतील, मग दुसरं कुणीतरी सापडेल. पण चुकीच्या मालकाकडे काम करताना धरून परत पाठवलं, तर कित्येक वर्षं त्या देशाचं दार बंद. हसण्याची मुदत फार थोडी असते, तोतो. निर्णय तुझा. मी फक्त वाचून दाखवलं."

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले, अक्षराखाली बोट ठेवून. मग माइक घेतला. "जेवा सगळे. मी उद्या जात नाही."

मामा म्हणाला, "म्हणजे परत एक मेजवानी?"

सोमवारी मानांगनं बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं, जीपनी बसनं एल्पिदियोला इलोइलो शहरात नेलं आणि एजंटला त्याच्याच खुर्चीसमोर उभं करून तेच तीन प्रश्न विचारले. एजंट नापास झाला. एजंटच्या ऑफिसात रांगेत असलेली आणखी नऊ माणसं आपापले कागद घेऊन मानांगभोवती जमली. तिनं संध्याकाळपर्यंत उभ्यानं सगळे वाचले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

चौथ्या महिन्यात नवी मंजुरी आली, जहाजं बांधणाऱ्या कंपनीच्याच नावाची. एल्पिदियो गेला, पाच वर्षं राहिला, परत आला. आता पुन्हा नोंग बेनितोच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. मानांगच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.