कापसाचा हात

वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला सगळे चारओळे म्हणत. गेलेल्यांच्या स्मरणाच्या जाहिराती तो घेई, आणि फोटोखाली चार ओळींची कविता हवी असली तर तीही देई. सव्वीस वर्षांत त्याने कवितांना नंबर लावून टाकले होते. आईला दोन, वडिलांना तीन, अकाली गेलेल्याला चार. पाच नंबर कुणालाही चाले. पेताड, कंजूष, बायकोला बडवणारा, कुणीही पाच नंबरात शिरला की देवमाणूस होऊनच बाहेर पडे.

त्या दिवशी खिडकीत वहिनी उभी राहिली. थोरल्या भावाला जाऊन वर्ष होत आलं होतं. थोरला खरा कवी, नावाजलेला. आईवरची त्याची कविता शाळेतली पोरं घोकत, आणि ती कानावर पडली की चारओळ्याच्या अंगाचा तिळपापड होई. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणंमुतणं काढलं ह्याने, आणि कवितेत उशाशी बसला होता थोरला. प्रत्यक्षात तो मातीलासुद्धा आला नव्हता.

"भाऊजी, ह्यांच्यासाठी चार ओळी द्या. मनापासून द्या."

त्याने वर न बघता पाच नंबर सरकवला. वहिनीने वाचला.

"हा तर माझ्या वडिलांना दिला होतात."

"त्यांची काही तक्रार आली नाही."

"जळता तुम्ही. अजून जळता. ह्यांनी आईंना अमर केलं. तुम्ही काय केलंत?"

"नखं कापली. दर रविवारी. कवितेत म्हणे, 'आईचा हात कापसाचा'. त्याने धरला होता कधी?"

"मग कसा होता? लिहा ना. तेच छापू, ह्यांच्या फोटोखाली."

वहिनीने कोरा कागद पुढे केला. एवढी वर्षं तो ह्याचीच वाट बघत होता. त्याने पेन उचललं, डोळे मिटले, आणि आईचा हात आठवायला गेला. बोटांची पेरं, नखं, तळवा. पुन्हा पुन्हा कापूसच आला. रांगेतल्या मागच्या माणसाने खाकरून घाई केली.

शेवटी वहिनीने कागद ओढून घेतला आणि थोरल्याचीच ती ओळ लिहून दिली. चारओळ्याने मजकूर तपासला, शिक्का मारला. थोरल्याने आईसुद्धा नेली होती, आणि आता भांडायला तोही नव्हता.